काडतुसं विकत घ्यावीत की घरी भरावीत?

ट्रॅप किंवा स्कीट (हवेत उडवलेल्या चकत्या छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडण्याचे खेळ) खेळायला लागून वर्ष होत आलं की हा प्रश्न पडतोच. एका फेरीला मातीच्या २५ चकत्या, म्हणजे २५ काडतुसं. शनिवारी चार फेऱ्या झाल्या की १०० रिकाम्या केसेस, म्हणजे उडवलेल्या काडतुसांची टरफलं, पायाशी पडतात, आणि शेजारच्या जागेवरचे आजोबा विचारतात, "तुला नको असतील तर मी घेऊ का?" ते त्या घरी नेऊन पुन्हा भरतात. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि काही वर्षांपूर्वी माझीही सुरुवात अशाच एका बादलीपासून झाली. अलीकडे इथल्या आपल्या मराठी घरांतली मुलंही हायस्कूलच्या ट्रॅप संघांत दिसू लागली आहेत. त्यांचे आईवडील काडतुसांचा खर्च पाहून हाच प्रश्न मला विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फक्त बारा बोर (बोर म्हणजे नळीचं माप; आकडा मोठा तितकी नळी अरुंद) वापरत असाल आणि महिन्याला २५ काडतुसांची चार-सहा खोकी लागत असतील, तर विकत घ्या. २८ बोर किंवा त्याहूनही अरुंद नळीची फोर-टेन वापरत असाल, तर घरी भरा. या दोन्हींच्या मधे असलेल्यांनी पुढचं सगळं वाचून ठरवावं.

आधी कायदा

हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही; विकायचा धंदा केलात तर लागतो. पण आपल्या लोकांसाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि दारूगोळा बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत 'दारूगोळा' म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. रिकामी केस, प्रायमर (ठिणगी पाडणारी तळाची टोपी) आणि पावडर (दारू) हेसुद्धा त्यात येतं. "मी तर नुसतं सामान घेतोय" हा बचाव चालत नाही. ग्रीन कार्ड नसेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक प्रायमरही घेऊ नका. शिवाय राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) लागतं, कॅलिफोर्नियात दारूगोळा घेताना पार्श्वभूमी तपासली जाते.

भारतात दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा इथली सवय तिकडे न्यायची नाही. सुट्टीला गावी जाताना रेंजवर नेलेली पाठपिशवी विमानात घेऊ नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तर प्रकरण थेट पोलिसांत जातं.

हिशेब

छर्रे साधारण २५ पौंडांच्या पिशवीत मिळतात. म्हणजे ४०० औंस. खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा याच पिशवीचा असतो, त्यामुळे हिशेब इथूनच सुरू करायचा.

| बोर | छर्ऱ्यांचं नेहमीचं माप | एका पिशवीत काडतुसं | २५ ची पूर्ण खोकी |
|---|---|---|---|
| बारा | १ १/८ औंस | ३५५ | १४ |
| बारा | १ औंस | ४०० | १६ |
| वीस | ७/८ औंस | ४५७ | १८ |
| अठ्ठावीस | पाऊण औंस | ५३३ | २१ |
| फोर-टेन | अर्धा औंस | ८०० | ३२ |

आता पावडर. एका पौंडात ७,००० ग्रेन. काडतूस भरण्याच्या मॅन्युअलने समजा १८ ग्रेन सांगितले, तर पौंडाच्या डब्यात ३८८ काडतुसं होतात. त्यात प्रत्येकी एक प्रायमर आणि एक वाड (पावडर आणि छर्रे यांच्यामधला प्लास्टिकचा तुकडा). केस फुकट धरा, कारण ती तुम्ही आधीच विकत घेतलेली आहे. तुमच्या गावातले भाव या आकड्यांनी भागा आणि दुकानातल्या खोक्याशेजारी ठेवून बघा.

बहुतेकांना जे दिसेल ते असं: बारा बोरमध्ये फरक थोडा, कधीकधी शून्य. कारखाने बारा बोरची काडतुसं इतक्या प्रचंड संख्येने काढतात की किरकोळ भावाने सामान घेऊन त्यांच्याशी बरोबरी करणं अवघड जातं. २८ आणि फोर-टेनचं उलट. त्यांत छर्रे कमी, पावडर कमी, पण मागणी थोडी असल्यामुळे दुकानातलं खोकं बारा बोरपेक्षा बरंच महाग. कमी सामान घालून जास्त किमतीची वस्तू हाती येते. स्कीटच्या स्पर्धांत बारा, वीस, अठ्ठावीस आणि फोर-टेन असे चारही प्रकार खेळले जातात, म्हणून स्कीटवाल्यांच्या गॅरेजमध्ये मशीन हमखास दिसतं, आणि नुसतं ट्रॅप खेळणाऱ्यांकडे पूर्वीपेक्षा कमी.

दोन गोष्टी मात्र हिशेबात बसत नाहीत. एक, २०२० नंतरची दोनेक वर्षं प्रायमर मिळेनासे झाले होते. ज्यांनी आधी साठा केला होता ते खेळत राहिले, बाकीचे मशीनवर धूळ साचताना बघत बसले. म्हणजे घरी भरणं हा टंचाईवरचा हमखास उपाय नाही. टंचाई सामानालाही गाठते. दुसरी गोष्ट धक्क्याची. बारा बोरमध्ये ७/८ औंसाचं सौम्य काडतूस दुकानात क्वचितच मिळतं, पण घरी भरता येतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या खांद्याला, तसंच साठी ओलांडलेल्या खांद्यालाही, याचा फार आराम मिळतो. माझ्या मते बारा बोर घरी भरण्याचं हे सर्वांत खरं कारण आहे. मात्र मुलांच्या लीगमध्ये किंवा क्लबमध्ये घरी भरलेली काडतुसं चालतात का, हे आधी विचारा. अनेक ठिकाणी चालत नाहीत.

आत काय असतं

कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा क्रम नवा नाही: आधी दारू, मग डाट, मग छर्रे. इथे तेच सगळं नळीऐवजी प्लास्टिकच्या केसमध्ये भरतो. डाटाच्या जागी वाड येतो. त्याच्या तळाचा कप वायू अडवतो, मधला भाग दबून धक्का शोषतो आणि वरच्या पाकळ्या छर्ऱ्यांना नळीला घासू देत नाहीत.

शेवटी केसचं तोंड घडी घालून मिटायचं, त्याला क्रिम्प म्हणतात. मोदकाच्या कळ्या जशा एका बिंदूत मिटतात, तसंच हे दिसायला हवं. घड्या सहा किंवा आठ असतात, आणि ज्या केसला कारखान्यात आठ पडल्या तिला आठच पाडायच्या. मधे भोक राहिलं तर छर्रे गळतात. कळ्या आत खचल्या किंवा वर फुगल्या तर आतल्या सामानाची उंची चुकलेली असते, म्हणजे कुठला तरी घटक बदललाय किंवा कमी-जास्त पडलाय. अशी काडतुसं बाजूला काढा. क्रिम्प हा तुमचा पहिला तपासनीस आहे.

केसेसमध्ये विंचेस्टर एए आणि रेमिंग्टन एसटीएस या दोन माझ्या आवडीच्या. आतून निमुळत्या असतात, टिकतात आणि कळ्या सुबक पडतात. फेडरल गोल्ड मेडल आतून सरळ भिंतीची, तिला वाड वेगळा लागतो. नवशिक्याने एकच केस निवडावी आणि तिच्यालाच चिकटून राहावं. कळीला चीर गेली, भिंतीला टाचणीएवढं भोक पडलं, प्रायमर सैल बसू लागला किंवा तळाची आतली वाटी हलू लागली, की ती केस कचऱ्यात.

मशीन कुठलं?

योगायोग असा की नवशिक्यासमोर येणारी दोन्ही नावं विस्कॉन्सिनचीच: हार्टफर्डची ली आणि मेव्हिलची एमईसी, जिला सगळे 'मेक' म्हणतात.

ली लोड-ऑल सर्वांत स्वस्त. पावडर आणि छर्ऱ्यांची मापं सोबतच येतात, त्यामुळे खोकं उघडून त्याच संध्याकाळी सुरुवात करता येते. बांधणीत प्लास्टिक बरंच आहे आणि हात हलका ठेवावा लागतो. महिन्याला चार-पाच खोकी भरणाऱ्याला ते पुरतं. आवड टिकते की नाही हे पाहायचं असेल तर यावर पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

मेक ६०० ज्युनियर मात्र वेगळ्या घडणीचं. ओतीव आणि पोलादी, वजनदार. बाकाला बोल्टने आवळायचं आणि विसरायचं. पाच ठिकाणं: जुना प्रायमर काढणं, नवा बसवणं, पावडर-वाड-छर्रे, कळ्यांची सुरुवात आणि शेवटची घडी. एका वेळी एकच केस, प्रत्येक ठिकाणी तुमच्या हाताने सरकवलेली. मला तासाला चार-पाच खोकी होतात. सेकंडहँड बाजारात ही मशीन्स भरपूर मिळतात, तीस-चाळीस वर्षं जुनी असली तरी नीट चालतात, आणि सुटे भाग अजून मिळतात. कुणी मला एकच नाव विचारलं तर मी हेच सांगतो.

त्याच घराण्यातलं साइझमास्टर थोडं महाग. केसचा पितळी तळ ते कॉलेटने (चहूबाजूंनी दाबणाऱ्या कड्याने) आवळून मूळ मापावर आणतं. रेंजवरून वेचलेल्या, दुसऱ्यांच्या बंदुकीत फुगलेल्या केसेस वापरणार असाल किंवा तुमच्या ऑटोलोडरचं (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या बंदुकीचं) चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, घट्ट असेल, तर हा जादा खर्च सार्थ आहे. स्वतःच्याच दुनळीतून उडवलेल्या केसेससाठी ६०० पुरतं.

मग प्रोग्रेसिव्ह, म्हणजे मेक ९००० वगैरे. सहा केसेस एकाच वेळी सहा ठिकाणी, दांडी एकदा खाली आली की एक काडतूस तयार. वेग मोह पाडतो. पण एका ठिकाणी गडबड झाली की ती सोडवताना उरलेल्या पाचांचं काय झालं हे लक्षात ठेवावं लागतं. मला हे महागात पडता पडता राहिलं. मित्राच्या प्रोग्रेसिव्हवर भरताना फोन आला, बोलत बोलत दांडी ओढत राहिलो, आणि पावडरची बाटली रिकामी झाल्याचं माझ्या ध्यानात आलं नाही. रेंजवर नेहमीचा 'धाड' न होता 'फुस्स' आवाज आला. सुदैवाने मी थांबलो. बंदूक उघडून नळीतून पाहिलं तर वाड मधेच अडकलेला. त्यावर पुढचं काडतूस उडालं असतं तर नळी फुगली किंवा फाटली असती, आणि माझा डावा हात तिथेच असतो. तेव्हापासून मशीनजवळ फोन नेत नाही, आणि पहिलं वर्षभर प्रोग्रेसिव्ह घेऊ नका असं प्रत्येकाला सांगतो.

मशीनपेक्षा महत्त्वाचं

रेसिपी तंतोतंत पाळायची. केस, प्रायमर, पावडर, वाड आणि छर्ऱ्यांचं वजन या पाचही गोष्टी जशा छापल्या आहेत तशाच. प्रायमर सगळे '२०९' म्हणवतात पण एकसारखे नसतात. फेडरलचा २०९ए तापट म्हणून ओळखला जातो आणि नुसता प्रायमर बदलल्याने दाब बराच वाढू शकतो. शिशाच्या मापात पोलादी छर्रे तर कधीच नाहीत. हॉजडनसारखे पावडर बनवणारे आपले तक्ते मोफत देतात, तेच प्रमाण. शेजारच्या आजोबांनी कागदावर लिहून दिलेला आकडा प्रेमाने घ्या आणि तक्त्याशी ताडून पाहा. खोक्यावरचं 'ड्रॅम इक्विव्हॅलंट' हे काळ्या दारूच्या काळातलं माप आहे. तो आकडा आतल्या पावडरचं वजन म्हणून वाचायचा नाही.

एक-दशांश ग्रेन दाखवणारा तराजू मशीनसोबतच घ्या. पावडरच्या बुशिंगवर (माप ठरवणाऱ्या छोट्या नळकांड्यावर) नंबर असतो आणि तक्त्यात त्याचं वजन दिलेलं असतं, पण प्रत्यक्षात पडणारं वजन हाताच्या लयीवर, बाटली किती भरली आहे यावर बदलतं. सुरुवातीला दहा मापं तोलायची, मगच भरायला बसायचं.

पावडर मूळ डब्यातच ठेवा. तो डबा आगीत लवकर फुटून दाब सोडून देईल असा बनवलेला असतो. मजबूत बंद पेटीत तीच पावडर बॉम्बसारखी फुटते. प्रायमर मूळ ट्रेमध्येच, बरणीत सुटे ओतायचे नाहीत. एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा संहितेत घरात साध्या साठवणीची मर्यादा २० पौंड पावडर आणि १०,००० प्रायमर अशी आहे. शहराचा नियम याहून कडक असू शकतो. छर्रे शिशाचे, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे काम नको, काम करताना खाणं-पिणं नको, उठल्यावर हात साबणाने धुवायचे. लहान मूल रांगत असेल त्या घरात खोलीला कुलूप हवं, आणि ते शक्य नसेल तर काडतुसं विकतच घ्यावीत.

ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी मशीनच्या जाहिराती दोन महिने बाजूला ठेवाव्यात. आपल्या केसेस वेचून एका बादलीत टाका, बोरप्रमाणे मोजा आणि आकडा वहीत लिहा. त्याच काळात क्लबमध्ये कुणाच्या तरी ६०० वर बसून दोन खोकी स्वतःच्या हाताने भरा. ती पन्नास काडतुसं भरताना पन्नासाव्या वेळीही पावडर पडली का हे वाकून पाहावंसं वाटलं, तर मशीन घ्या.