जुन्या स्वेटरांची गोधडी: एका हिवाळ्याच्या वापरानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये शिवायला घेतलेली ही गोधडी ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत रोज वापरात होती. आम्ही ओटावाला राहतो. जानेवारीच्या रात्री पारा उणे वीस अंशांच्या खाली गेला तरी इथे कोणाला त्याचे विशेष वाटत नाही, त्यामुळे पांघरुणाची परीक्षा पाहण्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. करतानाचे कौतुक आता ओसरले आहे आणि गोधडीचे पहिले धुणेही झाले आहे, म्हणून काय टिकले आणि काय फसले ते लिहिते.

गोधडीचा आकार ६० इंच गुणिले ७८ इंच आहे. सहा इंचांचे १३० चौकोन, मागे सुती फ्लॅनेल, आणि मध्ये काहीही नाही, कारण गरम पाण्यात घुसळून आटवलेली लोकर मुळातच इतकी जाड होते की आत वेगळे भरण घालावे लागत नाही. त्यासाठी २२ स्वेटर जमवले. चार घरचे होते आणि बाकीचे जुन्या कपड्यांच्या दुकानांतून पाच ते आठ डॉलरना एक असे घेतले. दुकानातून आणलेला प्रत्येक स्वेटर पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवला, कारण लोकरीत कसरीची अंडी असली तर ती पुढे घरभर पसरण्याची भीती असते. मटार आणि खवलेला नारळ यांच्या शेजारी पुरुषांचे स्वेटर पाहून घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

२२ पैकी १७ स्वेटर उपयोगी पडले. वाया गेलेल्या पाचांपैकी एक माझ्या आईने पुण्यात विणलेला निळा स्वेटर होता, जो मी लोकरीचा समजून पंचवीस वर्षे सांभाळला होता. आपल्याकडे विणायच्या कुठल्याही धाग्याला लोकरच म्हणतात, आणि कॅशमिलॉन नावाने मिळणारा धागा म्हणजे अ‍ॅक्रेलिक, म्हणजे कृत्रिम, आहे हे विणणाऱ्यांच्याही अनेकदा ध्यानात नसते. दोन वेळा गरम पाण्यातून काढूनही तो तसूभर आटला नाही, तेव्हा शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवला. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत आपोआप विझते आणि मागे राहिलेली राख बोटांनी चुरडता येते. हा धागा वितळला आणि त्याच्या टोकाला काळा, कडक मणी तयार झाला. स्वेटर पुन्हा कपाटात गेला. ही परीक्षा मी विकत घेण्यापूर्वी करू शकत नव्हते, पण आटवण्यापूर्वी नक्कीच करायला हवी होती.

या गोधडीचा कस शिवणयंत्रावर नव्हे, कपडे धुण्याच्या यंत्रातच ठरतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण यांमुळे तंतू एकमेकांत सरकून अडकतात आणि पुन्हा मोकळे होत नाहीत. आपल्याकडचा बुरणूस, म्हणजे जाड लोकरी पांघरूण, न विणता याच गुणावर तयार होत असे. आमचे यंत्र वरून झाकण उघडणारे असल्याने मध्येच थांबवून स्वेटर बाहेर काढून पाहता येत होता, आणि ही सोय फार मोलाची ठरली. प्रत्येक स्वेटर चेन असलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून, घर्षणासाठी सोबत दोन जुन्या जीन्स टाकून, कढत पाण्यात दोन ते तीन वेळा फिरवला. अभ्रा नसता तर सुटलेल्या लोकरीने निचऱ्याची नळी नक्कीच तुंबली असती. एकदा आळस करून लाल स्वेटरासोबत करड्या रंगाचे दोन टाकले, तेव्हापासून गोधडीत करड्याऐवजी फिकट गुलाबी चौकोन आहेत. विणीचे टाके दिसेनासे झाले आणि कात्रीने कापून कडा ओढली तरी एकही फास सुटला नाही, म्हणजे कापड तयार झाले असे मी मानत होते.

ही कसोटी मी एकाच स्वेटरच्या बाबतीत शिथिल केली. मेरिनो लोकरीचा, अगदी ओल्या हळदीच्या रंगाचा तो स्वेटर होता आणि त्याच्या लेबलावर सुपरवॉश असे छापलेले होते. यंत्रात धुता यावे म्हणून अशा लोकरीचे खवले रासायनिक प्रक्रियेने घासून काढतात किंवा त्यांवर राळेचा पातळ थर देतात, त्यामुळे ती आटत नाही. हे माहीत असूनही सगळ्या तपकिरी-करड्या रंगांमध्ये तो पिवळा उठून दिसेल या मोहाने मी त्याचे नऊ चौकोन कापले. फेब्रुवारीत त्यांतल्या चारांच्या कडांचे फास शिवणीतून सुटू लागले आणि एका ठिकाणी दोन बोटे जातील एवढे भोक पडले. बाकीच्या १२१ चौकोनांपैकी एकाचीही कडा उसवलेली नाही.

शिवणीबद्दल थोडक्यात सांगते. जीन्सची १६ नंबरची सुई, पॉलिएस्टरचा दोरा आणि वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर पुढे सरकवणारा दाबपाय, यांशिवाय हे काम करू नये. साध्या दाबपायाने पहिली ओळ पापडासारखी लाटालाटांची झाली आणि उसवावी लागली. अर्धा इंच शिवण ठेवून ती वाफेच्या इस्त्रीने दोन्हीकडे उघडली, तरी चार चौकोन जिथे मिळतात तिथे बोटाला गाठ लागतेच. पुढच्या खेपेला कडा एकमेकींवर न चढवता शेजारी ठेवून वरून झिगझॅग टाका मारीन. आजीच्या गोधडीसारखा सर्वभर धावदोरा घालायची माझी फार इच्छा होती. नऊवारीच्या मऊ थरांतून सुई जशी सरसर जाते तशी ती आटलेल्या लोकरीतून जात नाही, हे दोन ओळींत आणि एका सुजलेल्या अंगठ्यात कळले. मग चौकोनांच्या कोपऱ्यांवर दोऱ्याच्या गाठी मारून अस्तर जोडले.

ऊब उत्तम आहे, आणि ती केवळ जास्त नाही तर वेगळ्या जातीची आहे. आधीच्या पॉलिएस्टरच्या रजईत पहाटे घाम येऊन पांघरूण लाथाडावे लागे. लोकर अंगाची वाफ शोषून घेते आणि तरीही ओलसर लागत नाही, त्यामुळे पूर्ण रात्र एकसारखी जाते. आम्ही रात्रीचे हीटिंग १६ अंशांवर आणले आणि ते मार्चपर्यंत वाढवावे लागले नाही. वजन मात्र साडेचार किलो भरते. मला ते दडपण आवडते, गाढ झोप लागते. माझ्या नवऱ्याने पंधरा दिवसांत स्वतःची जुनी रजई परत काढली, आणि मुलाने ‘अंगावर कोणीतरी बसल्यासारखे वाटते’ असे सांगून गोधडी सोफ्यावरच घेतली. ज्यांचे गुडघे किंवा खांदे दुखतात त्यांनी एवढी मोठी गोधडी करू नये. पायांवर घ्यायची ४० इंचांची पुरे.

पहिले दोन महिने गडद चौकोनांची लव पांढऱ्या उशांवर चिकटत होती. आठवड्यातून एकदा झटकून आणि गोळे काढायच्या यंत्राने दोनदा साफ करून ती थांबली. काश्मिरी लोकरीचे दोन स्वेटर स्पर्शाला सर्वांत मऊ होते, पण त्यांवरच सर्वाधिक गोळे आले. जाड, थोडी टोचणारी शेटलंड लोकर अजून कालच कापल्यासारखी दिसते. अस्तरामुळे टोचण्याचा प्रश्न येत नाही.

धुण्याचा खटाटोप मी कमी लेखला होता. यंत्रात घातली तर आणखी आटेल आणि न आटणारे सुती अस्तर खाली झोळासारखे फुगेल, म्हणून मे महिन्यात न्हाणीच्या टबात थंड पाण्यात लोकरीच्या साबणाने धुतली. भिजल्यावर ती दोघांनाही उचलेना. पाणी दाबून काढले, मोठ्या पंच्यांमध्ये गुंडाळून दोघांनी पायांनी तुडवली आणि मग जाळीवर आडवी पसरली. वाळायला तीन दिवस लागले आणि तोवर घराला ओल्या मेंढीचा वास येत होता. वाळल्यावर मापून पाहिली, लांबीत अर्धा इंच कमी भरली. एकाही गाठीने जागा सोडली नव्हती. वर्षातून एकच धुणे, आणि एरवी कोरड्या थंडीत गच्चीवर वारा देणे, एवढेच पुढे करणार आहे.

सध्या ती कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेल्या सुती पिशवीत आहे, पण भरवसा पाल्यावर नाही, नीट धुऊन कडकडीत वाळवण्यावर आहे. नऊ पिवळ्या चौकोनांपैकी फाटलेले चार मी उसवून काढले असून त्या जागी एका हिरव्या स्वेटरच्या बाह्या बसवायच्या आहेत. उरलेले पाच पिवळे अजून धड आहेत, आणि सप्टेंबरपर्यंत त्यांचे काय करायचे हे ठरत नाही, कारण अजूनही खोलीत शिरल्यावर नजर आधी तिथेच जाते.