अंगठा ‘उमटला नाही’ म्हणाला आणि स्वाधारचा हप्ता गेला

शासकीय वसतिगृहाच्या एकाही यादीत माझं नाव लागलं नाही, तेव्हा वर्गातल्या मैत्रिणीने स्वाधारचा अर्ज भरायला लावला. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी समाज कल्याण विभागाची ही योजना. पुण्यासारख्या शहरात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,००० असे वर्षाला ६०,००० मिळतात. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं भरून राहणाऱ्या मुलीला हे किती वाटतात ते वेगळं सांगायला नको. घरी फोन करून पैसे मागायचे तर आधी दहा मिनिटं पावसापाण्याच्या गप्पा माराव्या लागतात.

कागद मी एकटीनेच जमवले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, भाडेकरार, पुण्याची रहिवासी नसल्याचं शपथपत्र, सगळं. अडलं बँकेपाशी. पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात आणि माझं खातं होतं गावाकडच्या शाखेत, आधार न जोडलेलं. रात्रभर एसटीने जायचं, एक दिवस रांगेत उभं राहायचं, परत यायचं. ७५ टक्के हजेरीचीही अट होतीच. मी कंटाळा केला.

कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी एक नंबर टाकला होता, ‘स्वाधार, महाडीबीटी (म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीचं पोर्टल), सर्व कामे’. झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात टेबल टाकून बसणारा माणूस. सगळे दादा म्हणायचे, मीही म्हणाले. त्याने ८०० मागितले. मी घासाघीस करून ५०० वर आणले आणि मोठी लढाई जिंकल्यासारखी खूश झाले. लुबाडणूक झालीच तर ती फीमध्ये होईल, असंच डोक्यात होतं.

“गावच्या खात्याच्या नादी लागू नका ताई,” तो म्हणाला. “इथंच नवीन काढून देतो, आधार लगेच जोडलं जातं.” मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. “नाही उमटला. भांडी घासता काय? पुसा जरा.” मी ओढणीला अंगठा पुसला, परत ठेवला. “आता आला बघा.” लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण वेळ त्याच्याकडे वळलेली होती. एटीएम कार्ड तुमच्या रूमवर हरवेल म्हणून त्याने स्वतःच्या पत्त्यावर मागवलं. मेसेज आला की कळवतो म्हणाला. मी थँक्यू म्हणून निघाले. नंबर कुठला टाकला हेसुद्धा विचारलं नाही. खरं सांगते, तेव्हा मला तो भला माणूस वाटला होता.

पुढे रूममेटचा हप्ता आला. माझा नाही. दादाला विचारलं की “फाईल वर गेलीय”, पुढच्या आठवड्यात “साइट बंद आहे”. शेवटी समाज कल्याणच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमनी मॉनिटर माझ्याकडे वळवून दाखवला. ३०,००० रुपये सव्वा महिन्यापूर्वीच जमा झाले होते.

बँकेत आणखी मोठा धक्का बसला. खातं माझं, पैसे कार्ड वापरून काढलेले आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही माझ्याच नावावरचा! तो नंबर मी आयुष्यात पाहिलेला नव्हता. ‘मग फसवणूक कसली?’ हा बँकेतल्या साहेबांचा प्रश्न होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते सापडलं आधारच्या वेबसाइटवर. आपलं आधार कुठे कुठे वापरलं गेलं, याची मागच्या सहा महिन्यांची नोंद तिथे दिसते. त्या दुपारी माझा अंगठा एकदा नाही, दोनदा ‘यशस्वी’ झाला होता, सहा मिनिटांच्या अंतराने. पहिल्या अंगठ्यावर, म्हणजे जो ‘उमटला नाही’ त्यावर, माझ्या नावाचं सिमकार्ड निघालं. दुसऱ्यावर खातं उघडलं आणि त्याला तेच सिम जोडलं गेलं. संचार साथी या सरकारच्या दूरसंचार विभागाच्या साइटवर आपल्या नावावरचे सगळे नंबर बघता येतात. तिथे माझ्या नंबरखाली तो दुसरा नंबर होता. ‘हा माझा नंबर नाही’ अशी तक्रार तिथेच करता येते.

तुमचं बाकी काही वाचायचं राहिलं तरी चालेल, पण आधारच्या त्याच वेबसाइटवर, माय आधारवर जाऊन ‘बँक सीडिंग स्टेटस’, म्हणजे आपलं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते, आजच बघा. सरकारी पैसे तिथे दिसणाऱ्या बँकेत जातात, अर्जाला पासबुक कुठलंही जोडलेलं असो. ती बँक तुम्हाला अनोळखी असेल तर हप्ता यायच्या आधी आपल्या बँकेत जाऊन आधार जोडून घ्या. ओबीसींची सावित्रीबाई फुले आधार योजना, आदिवासी मुलांची स्वयं योजना, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, यातलं काहीही घेत असाल तरी बघून ठेवा. आधारच्या अधिकृत ॲपमधून अंगठ्याची ओळख लॉक करता येते, मी आता कायम लॉकच ठेवते. आणि पैसे गेल्याचं कळलं तर माझ्यासारखे चार दिवस रडण्यात घालवू नका, त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी केला तेव्हा त्या खात्यात ४१२ रुपये उरले होते. ते गोठवलेत.

दादाचं टेबल आता तिथे नाही. झेरॉक्सवाले काका म्हणतात, त्याने फक्त जागा भाड्याने घेतली होती. सायबर पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतलीय. दुसरा हप्ता गावच्या खात्यात येईल, त्यासाठी मी रात्रभर एसटीने जाऊन आले. रूमच्या काकूंचं दोन महिन्यांचं भाडं द्यायचंय. ग्रुपवर विचारलं तेव्हा त्याच टेबलावर अंगठा दिलेल्या आणखी तीन मुली निघाल्या. त्यांचा हप्ता अजून जमा व्हायचाय.