पार्क टूल सीसी-४ : ई-माउंटन बाईकची कॅसेट वाचवणारी पट्टी

पोलादाच्या सपाट पत्र्यातून कापलेली, एकही हलता भाग नसलेली ही पट्टी पाहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच, की यात विकत घेण्यासारखे काय आहे. सायकलींची निळी अवजारे बनवणाऱ्या पार्क टूलची सीसी-४ ही चेनची झीज तपासणारी पट्टी मी गेली दोन वर्षे इलेक्ट्रिक माउंटन बाईकसाठी वापरतो आहे. या काळात चेन तीन बदलल्या, कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा लहानमोठ्या दातेरी चाकांचा संच, मात्र एकच राहिली. त्याआधीच्या कॅसेटचे काय झाले ते सांगितल्याशिवाय पट्टीचे मोल कळणार नाही.

ती कॅसेट माझ्याच आळसाने गेली. चेन आवाज करत नव्हती, गिअर नीट पडत होते, तेलही वेळच्या वेळी घातले जात होते. त्यामुळे काही मोजावे असे कधी मनातच आले नाही. अखेर नवी चेन चढवली, तेव्हा कॅसेटच्या मोठ्या दातेरी चाकांवर सगळे सुरळीत चालले, पण मागच्या तीन लहान चाकांवर मोटरचा जोर लागला की चेन दातांवरून उडी मारू लागली. जुनी चेन आणि ते दात एकमेकांना झिजवत झिजवत एकमेकांना सरावलेले होते. नव्या, अचूक मापाच्या चेनचे त्या दातांशी जमेना. चेनपेक्षा कितीतरी महाग असलेली कॅसेट त्याच आठवड्यात घ्यावी लागली.

आपण ‘चेन ताणली’ असे म्हणतो खरे, पण पोलाद काही रबरासारखे लांबत नाही. प्रत्येक कडीच्या सांध्यात पिन आणि आतल्या पट्ट्या एकमेकींवर घासतात, तिथला धातू कणाकणाने जातो, आणि त्या सगळ्या बारीक फटींची बेरीज म्हणजे वाढलेली लांबी. दोन पिनांमधले मूळ अंतर १२.७ मिलिमीटर असते. ०.५ टक्के झीज म्हणजे एका कडीमागे जेमतेम ०.०६ मिलिमीटर, ती डोळ्यांना दिसणे शक्य नाही, पण १२० कड्यांच्या चेनमध्ये तिची बेरीज साडेसात मिलिमीटरच्या पुढे जाते. वाढलेल्या अंतराची चेन दाताच्या तळाशी बसत नाही, वर सरकून बसते, आणि मग तिच्या मापाप्रमाणे दातांचा आकारही बदलत जातो.

साध्या सायकलवर हे सावकाश घडते. मोटर असली की सगळाच हिशेब बदलतो. शिमानोच्या ईपी८ मोटरचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८५ न्यूटन मीटर आहे. पेडलजवळचे पुढचे दातेरी चाक ३४ दातांचे धरले तर त्याची त्रिज्या सुमारे ६९ मिलिमीटर होते, म्हणजे एकट्या मोटरमुळे चेनवर १,२०० न्यूटनपेक्षा जास्त ओढ येते. चेनला सव्वाशे किलोचे ओझे टांगल्यासारखी ही ओढ आहे, आणि स्वाराच्या पायांचा जोर त्यात अजून धरलेलाच नाही. मागे कोणताही गिअर असला तरी ही ओढ तेवढीच राहते, कारण ती पुढच्या चाकाच्या त्रिज्येवर ठरते. फरक पडतो तो ती किती दातांवर वाटली जाते आणि प्रत्येक कडी किती अंशांत वाकते यात. १० दातांच्या चाकावर प्रत्येक कडीला ३६ अंश वळावे लागते, ५० दातांच्या चाकावर फक्त ७.२ अंश. साध्या सायकलवर चढ लागला की पायच खालचा गिअर मागतात. मोटर मात्र तो भार लपवते आणि स्वार लहान चाकावरच निवांत चढत राहतो. माझी तीन लहान चाकेच आधी का गेली, याचे उत्तर मला इथे सापडले.

आता मुद्दा पट्टीचा. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा पट्ट्या दोन टेकूंच्या असतात. त्यांचे दोन दात चेनमध्ये घातले की दोन टोकांचे रोलर (पिनांवर फिरणाऱ्या लहान नळ्या) एकमेकांपासून दूर, म्हणजे विरुद्ध दिशांना ढकलले जातात, आणि रोलर पिनभोवती जेवढा सैल असेल तेवढा तो सैलपणाही झिजेत मोजला जातो. गाडी चालताना मात्र दातेरी चाकाचे दात सगळ्या रोलरना एकाच बाजूला रेटत असतात, त्यामुळे त्या सैलपणाने कड्यांमधल्या अंतरात काही फरक पडत नाही. माझ्याकडची जुनी, स्वस्तातली पट्टी अशीच होती. ती चांगल्या चेनलाही बाद ठरवायची, आणि दोनदा तसे झाल्यावर मी तिच्यावर विश्वास ठेवणेच सोडून दिले. मोजण्याचा आळस बहुधा तिथूनच जडला.

सीसी-४ तीन ठिकाणी टेकते. पहिले दोन टेकू चेनचा तो तुकडा ताणून धरतात आणि मोजायच्या दोन्ही टोकांचे रोलर एकाच दिशेला रेटले जातात. त्यामुळे रोलरचा सैलपणा दोन्हीकडे सारखाच येऊन वजा होतो आणि उरते ती पिनांची खरी झीज. शिमानोची टीएल-सीएन४२ ही पट्टीही याच तत्त्वावर चालते, तेव्हा ही काही पार्क टूलची एकट्याची किमया नव्हे. या रचनेचा आणखी एक फायदा म्हणजे रोलरचा व्यासही वजाबाकीत निघून जातो. सायकलींचे भाग बनवणाऱ्या स्रॅमच्या फ्लॅटटॉप चेनचे रोलर नेहमीपेक्षा मोठे असतात आणि दोन टेकूंच्या पट्टीवर ते झीज कमी असल्याचा भास निर्माण करतात.

पट्टी फक्त दोनच गोष्टी सांगते: ०.५ टक्के ओलांडले का, आणि ०.७५ टक्के ओलांडले का. पट्टीचा दात चेनमध्ये उतरला तर हो, अडला तर नाही. ११ आणि १२ गिअरच्या चेनसाठी ०.५ हीच बदलण्याची वेळ, ०.७५ ची वाट पाहायची मुभा १० किंवा त्याहून कमी गिअर असलेल्यांना. मधला आकडा नसल्याने ‘अजून किती चालेल’ हे कळत नाही, आणि ई-बाईकवर ही उणीव जरा जास्तच जाणवते, कारण चिखलपाण्याच्या दिवसांत झीज ओळीने नव्हे, उड्या मारत वाढते. म्हणून मी दर शंभर-दीडशे किलोमीटरला, चेन पुसून कोरडी केल्यावर, चार वेगवेगळ्या जागी मोजतो. दात अर्धवट उतरू लागला की नवी चेन मागवतो, पूर्ण उतरला की चढवतो.

ज्याच्याकडे चांगली पोलादी फूटपट्टी आणि चिकाटी आहे, त्याने ही पट्टी घेतलीच पाहिजे असे मी म्हणणार नाही. ताणलेल्या चेनवर पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत २४ कड्या मोजाव्यात. नव्या चेनमध्ये ते अंतर ३०४.८ मिलिमीटर भरते आणि ३०६.३ झाले की अर्धा टक्का गाठला. यात रोलरचा संबंधच येत नाही, शिवाय मधला आकडाही मिळतो. पण चिखलाने माखलेल्या गाडीपुढे वाकून दीड मिलिमीटरचा फरक वाचणे हे काम एकदा होते, दहाव्यांदा होत नाही. सीसी-४ ला दहा सेकंद लागतात आणि म्हणूनच ती खरोखर वापरली जाते.

तिला न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. कॅसेटच्या दातांची झीज ती मोजत नाही. चेनचा आडवा सैलपणा, ज्याने गिअर पडताना कुचराई होते, तोही तिच्या कक्षेबाहेर आहे. आणि अर्थातच ती झीज थांबवत नाही. ते काम सवयींचे: चढ सुरू होण्याआधीच मोठ्या चाकावर जाणे, गिअर बदलताना पायांचा जोर अर्धा फेरा ढिला सोडणे (काही मोटरी पाय थांबल्यावरही क्षणभर ओढत राहतात, हे लक्षात ठेवून), एका वेळी एकच गिअर टाकणे. स्रॅमने २०१६ साली ई-माउंटन बाईकसाठी काढलेल्या आठ गिअरच्या ईएक्स१ संचात एका दाबात एकच गिअर पडेल अशी कळ दिली होती, ती याच कारणाने. तेलाऐवजी वितळवलेल्या मेणात चेन बुडवायला लागल्यापासून पट्टीचा दात उतरायला माझ्या गाडीवर स्पष्टपणे जास्त किलोमीटर लागू लागले. मेणाला धूळ फारशी चिकटत नाही आणि सांध्यात कानसेसारखे काम करणारा काळा लगदा तयार होत नाही. हा फरक मला जाणवला तोही पट्टीमुळेच, कारण प्रत्येक चेन चढवल्याचे आणि उतरवल्याचे किलोमीटर आता वहीत लिहिलेले असतात.

सध्याच्या चेनवर चारपैकी एका जागी ०.५ चा दात निम्मा उतरतो आहे, बाकी तिन्ही जागी अडतो आहे. नवी चेन मागवून ठेवली आहे.