कॉम्बी बॉयलर, नऊ महिन्यांनंतर: घेण्याआधी बादली लावून पाहा

गेल्या आठवड्यात आईच्या अंगाला साबण असताना शॉवरचं पाणी तिसऱ्यांदा गार पडलं. म्हणून आज लिहितोय.

आमचा फ्लॅट म्हणजे एका जुन्या मोठ्या घराचे चार भाग पाडले, त्यातला वरचा. २४ किलोवॅटचा गॅस कॉम्बी घेतला, म्हणजे नळाचं पाणी न साठवता वाहतानाच तापवणारा आणि खोल्या उबदार ठेवणारे रेडिएटरही चालवणारा बॉयलर, कारण टाकीला जागा नव्हती आणि वापरू तेवढंच पाणी तापणार हा हिशेब मला पटला. माहितीपत्रकात मिनिटाला ९.८ लिटर लिहिलंय. तो आकडा पाणी ३५ अंशांनी तापवण्याचा आहे. बॉयलर तेवढं तापवतो, पण तेवढं पाणी तुमच्या पाइपातून येतं का, ते त्यात कुठे आहे? बसवणाऱ्याने नळ बंद ठेवून दाब मोजला, ३ बार आला, 'उत्तम' म्हणाला. बंद नळाचा दाब प्रवाहाबद्दल काहीच सांगत नाही. पाणी वाहत असताना काय होतं ते बघायला हवं होतं, आणि ते न बघितल्याचा राग मला अजून आहे.

दोनदा टेक्निशियन आला. पहिल्यांदा फ्लो सेन्सर (पाण्याचा प्रवाह ओळखणारा भाग) बदलला, दुसऱ्यांदा काही न सापडताच व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. तोवर मी भेटेल त्याला सांगत होतो, हे मॉडेल घेऊ नका. ते आता मागे घेतो.

कारण शेवटी मीच १० लिटरची बादली स्वयंपाकघरातल्या गार नळाखाली ठेवली. दुपारी ६२ सेकंदांत भरली. सकाळी सात वाजता, खालचे लोक उठल्यावर, तीच बादली भरायला २ मिनिटं ४० सेकंद लागले. चारही फ्लॅटना पाणी एकाच जुन्या पाइपातून येतं. शॉवरच्या मिक्सरमध्ये त्यातला काही भाग गार बाजूने जातो. गरम बाजूचा प्रवाह मिनिटाला अडीच लिटरच्या खाली गेला की आमच्या बॉयलरची ज्योत विझते. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय. बॉयलर बिचारा सांगितलेलंच करत होता.

सिलिंडर, म्हणजे गरम पाणी साठवणारी बंद टाकी, घेतला असता तर? नळाच्या दाबावरच्या सिलिंडरमधलं गरम पाणी बाहेर ढकलतं तेही नळाचंच गार पाणी, त्यामुळे धार बारीकच राहिली असती. पण गरम राहिली असती! आईला तेवढंच हवं होतं. सामाईक पाइप असेल तर मी आज जागा काढून सिलिंडरच घेईन.

हीटिंगबद्दल मात्र मी खूश आहे. रेडिएटरला जाणारं पाणी ७५ अंशांवर लावून दिलं होतं, ते मी ५५ वर आणलं. परतणारं पाणी साधारण ५५ च्या खाली असेल तरच धुरातली वाफ नीट सांद्र होते आणि तिची उष्णता परत मिळते. नाहीतर कंडेन्सिंग बॉयलरचे जास्तीचे पैसे फुकट. खोल्या तापायला आता वेळ लागतो, म्हणून तासभर आधी सुरू करतो. पण ऊब एकसारखी राहते आणि मीटर सावकाश फिरतो. कडाक्याच्या थंडीत मात्र ६० करावं लागलं, जुन्या भिंती आहेत.

आता बाथरूमजवळ ५० लिटरचा विजेचा स्टोरेज गिझर लावतोय. बॉयलरपासून तिथवर १२ मीटर पाइप आहे. त्यातलं पावणेदोन लिटर गार पाणी दर वेळी ओतून द्यावं लागायचं, तेही वाचेल. ६० अंशांवर ठेवला की लागोपाठ दोन आंघोळी व्हाव्यात. फ्लॅट पाडताना घातलेली भिंत जिप्समची आहे. भरलेल्या गिझरमध्ये नुसतं पाणीच ५० किलो, म्हणून तो जुन्या विटांच्या भिंतीवर टांगणार.

खालच्या काकांनीही काल बादली लावून पाहिली. आम्ही वर शॉवर सोडला की त्यांचंही पाणी गार होतं.