सर्व्हेत नंबर वरचा, पण माझ्या एसीचं काय?

गाडी घेताना सेल्समननं सर्व्हेची रँकिंग दाखवली होती, म्हणे ग्राहक समाधानात आम्ही वर. आता दीड वर्षानं जळगावला कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला गेलो (नाव घेत नाही), मे महिना, ऊन ४४ च्या वर, तक्रार एकच की एसीची हवा येत नाही. संध्याकाळी गाडी मिळाली, धुतलेली, चकाचक, हवा तेवढीच! भुसावळला पोहोचेपर्यंत मागे बसलेल्या आईचा जीव कासावीस झाला. दुसऱ्या दिवशी अजिंठा चौफुलीजवळच्या मेकॅनिकनं डॅशबोर्डचा खण काढून फिल्टर दाखवला, काळ्या मातीच्या धुळीनं गच्च भरलेला, कोणी हातसुद्धा लावला नव्हता भाऊ, आणि बिलात मात्र 'एसी चेक' लिहिलेलं.

वरून गाडी देतानाच ॲडव्हायझर म्हणाला, सर्व्हिस कशी वाटली विचारायला कंपनीचा फोन आला तर १० पैकी १० सांगा दादा, नाहीतर माझा इन्सेंटिव्ह कापतात. पोराबद्दल वाईट वाटतं, पण असे मागून घेतलेले दहा खरे कसे धरायचे?

जे.डी. पॉवर या सर्व्हे कंपनीचा अमेरिकेतला नव्या गाड्यांचा सर्व्हे पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी मोजतो, १०० गाड्यांमागे किती ते. ठीक आहे, पण ९० दिवसांत कोणाचा फिल्टर भरतो? त्यांचा टिकाऊपणाचा वेगळा सर्व्हे ३ वर्षं वापरलेल्या गाड्यांचा असतो, गाडी घेणाऱ्यानं तसा सर्व्हे आधी बघावा.

गाडीला ४ स्टार, इंजिन मस्त आहे. सर्व्हिसला १. फोन आला तेव्हा मी ३ सांगितले आणि कारणही सांगितलं.