फांद्या फुटणारी गोष्ट: ट्वाइन की इंक?

वाचणाऱ्याने पर्याय निवडायचा आणि गोष्ट तिकडे वळायची, असं काही मराठीत लिहायचं असेल तर ट्वाइन आणि इंक ही दोन साधनं आहेत, आणि माझा सल्ला सरळ आहे. शिका ट्वाइनवर, पण लांबलचक गोष्ट इंकमध्ये लिहा.

क्रिस क्लायमस यांनी 2009 साली आणलेलं ट्वाइन फुकट आहे आणि ब्राउझरमध्येही चालतं. त्यात गोष्टीचा प्रत्येक प्रसंग नकाशावर एक चौकोन म्हणून दिसतो. शब्दांभोवती दुहेरी चौकोनी कंस टाकले की लिंक तयार, आणि त्या नावाचा नवा चौकोन नकाशावर आपोआप उमटतो. तयार गोष्ट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बाहेर काढता येते. फक्त एक सांभाळा: वेब आवृत्ती गोष्टी ब्राउझरच्या साठ्यातच ठेवते, तो साफ केला की लिहिलेलं गेलं. त्यापेक्षा डेस्कटॉप आवृत्ती घ्या.

पण तो नकाशा फार मोह घालतो. फाटे फोडत जावंसं वाटतं आणि एकेका चौकोनात जेमतेम दोन वाक्यं उरतात. लागोपाठ दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय दिले आणि एकही वाट परत जुळवली नाही, तर 1024 शेवट लिहावे लागतील!

इंक ही इंकल या गेम स्टुडिओची भाषा, 2016 पासून सर्वांना खुली. इंकी या तिच्या एडिटरमध्ये डावीकडे लिहायचं, उजवीकडे गोष्ट लगेच खेळून बघायची. ओळीच्या सुरुवातीला * दिला की पर्याय. एकदा निवडला की तो पुन्हा दिसत नाही. + दिला तर टिकून राहतो. आणि साधी आडवी रेघ फाटलेल्या वाटा एकत्र आणते. या रेघेवर माझा भारी जीव आहे.

मराठीचा खरा कस लागतो क्रियापदात. ‘तू उशिरा आलास’ की ‘आलीस’? वाचणारी बाई आहे की पुरुष, हे सुरुवातीला विचारून ठेवलं की इंकमध्ये महिरपी कंसात अट, पुढे ‘आलीस’, उभी रेघ, ‘आलास’, एवढ्यात काम होतं. वाक्य वाक्यासारखं वाचता येतं. ट्वाइनच्या हार्लो या लेखन-पद्धतीतही हे जमतं, पण मॅक्रोंच्या, म्हणजे कंसातल्या आज्ञांच्या, गर्दीत संवादाची लय कानाला लागत नाही.

चित्रं, पात्रांचे चेहरे, आवाज हवे असतील तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेवर उभं असलेलं रेनपाय हे साधन बघा.

इंकीत नकाशा नाही, ही मोठीच उणीव. म्हणून मी ट्वाइनमध्ये नुसती प्रसंगांची नावं मांडून आराखडा करते आणि मजकूर इंकमध्ये लिहिते.