समुद्रात हरवलेल्या खलाशी पूर्वजाचा शोध: नावाच्या वाटेने की जहाजाच्या?

कोकणात आणि गोव्यात अशी अनेक घरे आहेत, जिथे एका पूर्वजाची हकीकत ‘आगबोटीवर होता, लढाईत बुडाला’ एवढ्या एका वाक्यात संपते. फोटो क्वचितच असतो. कबर किंवा समाधी तर नसतेच. दापोली, खेड, चिपळूण, रत्नागिरी, मालवण या भागांतले सारंग, तांडेल, सुकाणी आणि खलाशी मुंबई बंदरातून ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकचे काम करीत, आणि बार्देस, साष्टीचे गोमंतकीय बहुधा सलूनमध्ये, म्हणजे भटारखान्यात व प्रवाशांच्या सेवेत असत. दोन्ही महायुद्धांत अशा हजारो हिंदी खलाशांना जलसमाधी मिळाली. त्यांच्यापैकी एखादा आपला आजोबा किंवा पणजोबा असेल आणि त्याचा माग काढायचा असेल, तर आरंभीच एक निर्णय घ्यावा लागतो: माणसाचे नाव धरून शोधायचे, की तो ज्या जहाजावर होता ते जहाज धरून?

नावाची वाट साहजिकच पहिली सुचते, कारण घरात नाव तेवढे ठाऊक असते. माझ्या आजीच्या वडिलांचा शोध मीही असाच सुरू केला आणि त्यात बराच काळ घालवला. अडचण नोंदींच्या पद्धतीत आहे. जहाजावरच्या हिंदी खलाशाचे आडनाव बहुतेक वेळा लिहिलेच जात नसे; स्वतःचे नाव, पुढे बापाचे नाव आणि फार तर गाव, एवढ्यावर काम भागे. लिहिणारा कारकून कानाला ऐकू येईल तसे लिही, त्यामुळे एकच इब्राहिम किंवा एकच गोविंद चार कागदांवर चार प्रकारे उतरतो. गावाचेही तेच. जुन्या इंग्रजी कागदांत रत्नागिरी ‘रटनाघेरी’ अशा थाटात भेटते आणि तेही गाव, तालुका की जिल्हा हे कळत नाही. शिवाय १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत मालवण आणि वेंगुर्ल्याचा माणूससुद्धा रत्नागिरी जिल्ह्याचाच होता, हे विसरले की आपण आपल्याच माणसाची नोंद बाजूला सारतो. गोमंतकीय नावांना आडनाव असते खरे, पण फर्नांडिस किंवा डिसोझा या आडनावाखाली इतकी माणसे सापडतात की त्याचा फारसा उपयोग होत नाही.

जहाजाची वाट याच्या उलट आहे. माणूस कागदावर निसटता असतो, जहाज मात्र पक्के नोंदलेले असते. ब्रिटिश नोंदणीच्या प्रत्येक जहाजाला एक अधिकृत क्रमांक मिळे आणि जहाजाचे नाव किंवा मालक बदलला तरी तो क्रमांक बदलत नसे. खलाशांचे करारनामे (जहाजावर कामाला घेतलेल्यांची यादी यांतच असते), मृत्यूच्या नोंदवह्या, कंपनीचे कागद हे बहुतेक याच नावाने किंवा क्रमांकाने लावलेले आहेत. त्यामुळे जहाज आणि बुडाल्याची तारीख कळली, तर हजारो नावांच्या राशीऐवजी शेदोनशे माणसांची एक यादी समोर येते आणि त्यात बापाचे नाव व गाव जुळवून पाहणे शक्य होते.

हा फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर दोन्ही महायुद्धांतल्या मृतांच्या कबरी व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची विनामूल्य शोधसूची इंटरनेटवर उघडावी. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही अशा, पहिल्या महायुद्धातल्या २,०००हून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या ६,०००हून अधिक जणांची नावे मुंबई आणि चितगाव अशा दोन्ही ठिकाणच्या स्मृतिनोंदीत आहेत. लंडनच्या टॉवर हिलवरील व्यापारी खलाशांच्या स्मारकावर शोधून हिरमुसणारे वंशज मी पाहिले आहेत. हिंदी करारावरच्या खलाशांची नावे तिथे नव्हे, इथे आहेत. या सूचीत नुसते नाव घातले की पानेच्या पाने निघतात. त्याऐवजी मुंबईचे स्मारक निवडून मृत्यूची तारीख घातली, की एका रात्रीत एकाच जहाजावर गेलेली माणसे एकाखाली एक दिसू लागतात.

उदाहरणादाखल दोन जहाजे घेऊ. पी अँड ओ कंपनीचे ‘पर्शिया’ ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाले; ५१९ जणांपैकी ३४३ गेले. ब्रिटिश इंडिया कंपनीचे ‘तिलावा’ २० नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाले आणि २३ तारखेला जपानी पाणबुडीने ते बुडवले. ९५८ जणांपैकी २८० दगावले, वाचलेले ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेने मुंबईला परत आणले. आता एखाद्या गोमंतकीय घरात ‘नाताळ झाल्यावर चार-पाच दिवसांनी बोट बुडाली’ एवढीच आठवण असेल आणि काळ पहिल्या लढाईचा असेल, तर ‘पर्शिया’चे नाव तपासण्याजोगे ठरते. ‘दिवाळी करून गेला आणि महिन्याच्या आत वार्ता आली’ असे दुसऱ्या घरात सांगत असतील, तर ‘तिलावा’ पाहावे. घरातल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी तारीख आठवत नाही, पण सण आठवतो, आणि जहाजाच्या वाटेवर तो सणही पुरावा म्हणून उपयोगी पडतो. नावाच्या वाटेवर त्याचा काहीच उपयोग होत नाही.

मात्र जहाजाचे नाव आणायचे कुठून, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा घरातच असते. खलाशाचे नोकरीचे प्रमाणपत्र, ज्याला जुने लोक ‘नली’ म्हणत, कारण ते पूर्वी पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, ते मिळाले तर त्यावर आधीच्या जहाजांची नावे व तारखा असतात. शेवटच्या सफरीला ते त्याच्याबरोबरच गेलेले असण्याची शक्यता मोठी, पण जुनी प्रत मागे राहिलेली असू शकते. आम्हाला नली मिळाली नाही. आजीच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, मनीऑर्डरीची तीन कूपने मिळाली. पगारातला ठरावीक भाग घरी पाठवण्याची सोय असे, तिचीच ती. शाई उडून गेली होती, पण पोस्टाचा गोल शिक्का उजेडाकडे तिरका धरला की महिना आणि साल वाचता येत होते. तिसऱ्या कुपनानंतर पैसे आले नाहीत. त्या महिन्यावरून शोधाची हद्द सहा महिन्यांवर आली, आणि आधीच्या सगळ्या नावशोधापेक्षा त्या कागदाने मला अधिक दिले.

जमिनीचे कागद याच कामी येतात, पण त्यांचा अर्थ सावधपणे लावावा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातल्या जुन्या फेरफारात ‘खातेदार मयत, वारस अमुक’ अशी नोंद असते आणि आपण त्या सालालाच मृत्यूचे साल धरून बसतो. समुद्रात गेलेल्याचा दाखला कुठून येणार? १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८चा आधार घ्यायचा तर सात वर्षे ठावठिकाणा नसावा लागे, आणि घरचे लोक त्यानंतरही आशेने थांबत. म्हणून फेरफाराचे साल ही वरची मर्यादा समजावी आणि शोध तिथून मागे न्यावा. त्या काळातल्या काही नोंदी मोडीत असतात, तेव्हा वाचणारा सोबत न्यावा. गोव्यात चर्चच्या मृत्यूनोंदीत असा माणूस बहुधा सापडत नाही, कारण दफन झालेलेच नसते. बाप्तिस्म्याची नोंद मात्र आईबापांची नावे पक्की करून देते. मुंबईत धोबी तलाव, माझगाव भागातल्या कुडांत, म्हणजे गावोगावच्या मंडळींनी चालवलेल्या उतरण्याच्या जागांत, हे गोमंतकीय खलाशी आपापल्या गावच्या लोकांबरोबर उतरत, त्यामुळे त्या गावची दुसरी घरे विचारणेही वाया जात नाही.

खर्चाच्या दृष्टीने घर, तहसील आणि कमिशनची सूची यांना फारसे काही लागत नाही. पैसे लागतात ते परदेशी दफ्तरांना. लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्हजमध्ये १८९१ ते १९७२ पर्यंतच्या जहाजांवरील मृत्यूंच्या नोंदवह्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले खलाशांचे करारनामे आहेत. १८६३ ते १९३८च्या करारनाम्यांपैकी सुमारे सत्तर टक्के कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहेत. १९१५ सालच्या खलाशांच्या याद्या मात्र इंटरनेटवर फुकट पाहता येतात. पी अँड ओचे जुने दफ्तर ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये ठेवलेले आहे. यांतल्या बहुतेक ठिकाणी जहाज आणि साल सांगितल्याशिवाय शोध फारसा पुढे सरकत नाही. एक धोकाही लक्षात घ्यावा: हिंदी खलाशांचा करार गोऱ्या खलाशांच्या कराराहून वेगळा असे आणि तो हिंदुस्थानातच सुरू होऊन इथेच संपला असेल, तर तिकडच्या दफ्तरात त्याची प्रत असेलच असे नाही. म्हणून संशोधकाला तासाप्रमाणे पैसे देऊन तिकडे शोध घ्यायला लावणे हे माझ्या मते शेवटचे पाऊल असावे, पहिले नव्हे.

दोन प्रसंगी मात्र मी नावाचीच वाट धरायला सांगेन. पूर्वज आगबोटीवर नसून गलबतावर, पडावावर किंवा फत्तेमारीवर असेल, तर खलाशांची यादी मिळण्याची आशा धरू नये. तिथे गाव, कुळ आणि फेरफार एवढाच आधार. दुसरा प्रसंग शांततेच्या काळातल्या मृत्यूचा. कमिशन पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ धरते आणि व्यापारी खलाशी शत्रूच्या कारवाईने वा युद्धाच्याच कारणाने गेला असेल तरच त्याची नोंद घेते. वादळात किंवा अपघाताने गेलेला तिथे सापडणार नाही.

आणि नावाच्या वाटेने गोळा केलेले कागद फेकून देऊ नयेत. जहाजाच्या यादीत आपला माणूस सापडला, पण बापाचे नाव किंवा गाव चुकीचे निघाले, तर तोच फेरफार आणि तीच बाप्तिस्म्याची नोंद पुरावा म्हणून कमिशनकडे पाठवून ती चूक दुरुस्त करून मागता येते.